गार बॅटरी

…छे छे, भांडण कसलं काका! भांडण नव्हतं ते. माझा आवाजच तसा आहे. घरी मीठ मागितलं तरी नवरा दचकतो, म्हणतो आता काय चुकलं माझं. बसा तुम्ही, उठू नका. हा दगड बरा आहे, इथे वारा पाठीला लागत नाही. तो लाल टोपीवाला ना? गेला तो. म्हणजे — मी घालवला. त्याच्या पिशवीत पण ड्रोन होतं. म्हणे, ताई मी पण मदत करतो, दोन यंत्रं असली की आजी लवकर सापडतील. मदत! एका हातात फोन, फोनवर शूटिंग चालू, तोंडाने ‘मित्रांनो बघा’ चाललंय, आणि म्हणे मदत. मी म्हटलं दाखव तुझी बॅटरी. काढली त्याने. मी बटण दाबलं — असं छोटं बटण असतं बॅटरीवर, दाबलं की बारीक दिवे लागतात, चार लागले म्हणजे पूर्ण भरलेली, एकच लागला म्हणजे संपत आली — तर त्याचे लागले दोन, आणि त्यातला एक मिचमिचतोय. म्हटलं, ह्याच्या जोरावर तू खाणीवर उडवणार? वारा बघितलास का किती आहे? परत कसं आणशील? मी कधी, काका, अर्धी बॅटरी घेऊन घराबाहेर पडले नाही. माझ्याकडे दोन आहेत. दारात उभी राहून दोन्हींची बटणं दाबते, चार आणि चार बघते, मगच पायात चपला. आजसुद्धा. तुमच्यासाठी हवालदार साहेबांचा फोन आला तेव्हा कणीक भिजवलेली तशीच टाकली, पण बटणं दाबल्याशिवाय निघाले नाही. लेक चिडवते — आई, गॅस बंद केलास का ते नाही बघत, पण बॅटऱ्या तेवढ्या बघतेस.

आणि एका जागेवर एका वेळी एकच उडवायचं, हा नियमच आहे. दुसऱ्याचं मध्ये आलं की आपलं लक्ष जातं, आणि लक्ष गेलं की गेलंच. आणि त्याला काय शोधायचं होतं? त्याला व्हिडिओ हवा होता. संध्याकाळच्या आत सगळ्यांच्या फोनवर फिरलं असतं ते — म्हणजे — म्हणजे काय, हेच, तुम्ही इथे बसलेले, पोलिसांची गाडी वगैरे. लोकांना काय, काहीही चालतं. म्हणून चढला माझा आवाज. तुम्ही मनावर घेऊ नका.

हात किती गार पडलेत तुमचे! थांबा. ही घ्या, ही बॅटरी धरा हातात. आत्ताच काढली यंत्रातून, बघा कशी गरम आहे, पोळीसारखी. धरा, काही होत नाही, शॉक बिक बसत नाही. हिवाळ्यात मी हेच करते, उतरवलं की काढायची आणि दोन्ही तळव्यांत धरायची, बोटं वळायला लागतात. तुम्हाला तर बोटांचं महत्त्व मी काय सांगू. अख्ख्या बाजाराची घड्याळं त्या बोटांनी चालवलीत. माझ्या बाबांचं पण. आठवतं का? चौकोनी होतं, काच पिवळी पडलेली. तुम्ही म्हणालात, ह्याला काही झालेलं नाही, हे फक्त दमलंय. बाबा घरी येऊन दिवसभर तेच सांगत होते सगळ्यांना, घड्याळ दमलंय म्हणून. आणि स्वतः पण मग खुर्चीत पडून राहिले — मी पण दमलोय म्हणे.

नाही, लगेच नाही उडवता येत. तेच तर सांगतेय. ही गरम आहे ना, गरम असताना चार्जिंगला लावायची नसते, फुगते ती. फुगली की पेट घेते. निवू द्यायची, मग गाडीत लावायची, मग भरली की उडवायची. दुसरी? दुसरी पण संपली काका. ती पिशवीत आहे, ती पण — तुम्ही जीपमध्ये बसून जबाब देत होतात ना, तेव्हा मी दुसरी लावून तो मागचा माळ बघून घेतला. सगळा. झुडपं, पाइपांचा ढीग, ती पडकी खोली. नाही, कुणी नाही तिथे. म्हणून म्हटलं, आता दोन्ही जरा निवू देत. जबाब घेत होते तेव्हा काचा लावलेल्या होत्या ना जीपच्या, त्यामुळे तुम्हाला आवाज आला नसेल. हो. नाहीतर चांगला भुंग्यासारखा आवाज येतो.

तुम्हाला वाटत असेल ही बाई नुसती बसून बडबडतेय आणि तिकडे आपला जीव टांगणीला लागलाय. वाटणारच. पण ह्या कामात बसणंच जास्त असतं. लोकांना वाटतं, सोडलं आभाळात की दिसलं सगळं. तसं नसतं हो. मला ज्यांनी शिकवलं ते सर्व्हेवाले सर होते, जमिनी मोजायचे, तोंडात कायम लवंग. ते म्हणायचे उडवायला माकड पण शिकेल, बघायला शिक. शोधायचं असलं ना, की इस्त्री केल्यासारखं जायचं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पट्टा, मग वळायचं, थोडं आधीच्या पट्ट्यावर चढवून दुसरा पट्टा. घाई केली की मध्ये सुरकुती राहते, आणि माणूस नेमका सुरकुतीत असतो. खूप वर गेलं की माणसाचा ठिपका होतो, खूप खाली आलं की एकच झुडूप दिसत राहतं. मधली उंची धरायची. आणि ऊन तिरकं हवं. डोक्यावर ऊन असलं की सावली पायाखाली जाते, मग वरून माणूस आणि दगड सारखाच. सावलीवरून ओळखतो आम्ही. उभ्या माणसाची सावली लांब पडते. आडव्या — हं. बसलेल्या माणसाची कमी.

ते मघाशी? तिथे खाणीतल्या पाण्यावर का थांबलं होतं म्हणता? बघत होतात होय तुम्ही. हो, बघणारच, मीच म्हटलं होतं ना की यंत्र कायम नजरेत ठेवते म्हणून. तो पहिला नियम आहे माझा — आपल्या डोळ्यांनी दिसेल तेवढंच लांब न्यायचं. स्क्रीनवर बघून कितीही लांब जाता येतं, पुष्कळ जण जातात, पण स्क्रीनला बाजूची तार दिसत नाही, घार दिसत नाही. आणि आपल्याला दिसतं म्हणजे शेजारी उभ्या माणसाला पण दिसणार, ते खरंच. तर — ते वारा होता तिथे. खाणीच्या कड्यावरून वारा खाली पडतो आणि परत वर येतो, यंत्र डुलायला लागतं. मग त्याला जरा स्थिर करत होते. इतका वेळ? वाटला तुम्हाला जास्त. वाट बघणाऱ्याला जास्तच वाटतो.

मग खाली का आणलं — खाली आणलं ते पण वाऱ्यासाठीच. खाली वारा कमी असतो.

खरं सांगू का, मी हे काम शिकले ते लग्नांसाठी. स्टुडिओ नवऱ्याचा, तो खालून फोटो काढायचा. मग लोक विचारायला लागले वरून काढता का, वरून काढता का. वरून काय दिसतं लग्नात? टकलं दिसतात! पण हौस. एकदा मुलीचे मामा माझ्या मागेच लागले, ड्रोन नवरा-नवरीच्या डोक्यावरून असं झूऽऽम करून जाऊ दे, पाहुण्यांच्या मधून. म्हटलं मामा, त्याला चार पाती असतात, मिक्सरचं झाकण उघडून त्यात तुम्ही हात घालाल का? म्हणे, सगळे करतात. म्हटलं सगळे करोत, माणसांच्या डोक्यावर मी उडवत नाही. खूप बोलले मला. बाईमाणूस घाबरणारच वगैरे. बोला म्हटलं. मी कडेनेच उडवलं, लांबून, आणि शेवटी तेच मामा स्वतःच्याच पगडीत अडकून — नाही, ती गंमत नंतर सांगेन. हसलात ना जरा? बरं वाटलं.

मग ही शोधाशोध कधी सुरू झाली म्हणजे? एकदा पोलिसांनीच बोलावलं. पुराच्या वेळी. मग त्यांना सवय लागली. कुणाचं पोरगं गर्दीत हरवलं, कुणी रागावून घर सोडलं, की फोन येतो. सापडतात हो. पुष्कळ सापडतात. एक आजोबा सापडले होते गवतात, चांगले झोपले होते आडवे, घोरत होते! यंत्राच्या आवाजाने उठले आणि मलाच शिव्या घालायला लागले वर बघून. मला आवाज येत नव्हता, पण तोंडावरून कळत होतं कुठल्या शिव्या ते.

काय? नाही. स्क्रीन नाही दाखवायची. कुणालाच नाही, तुम्हालाच असं नाही. हे बघा ना, मी झाकण बसवलंय त्याला, काळं, डोळे आत घालून बघायचं. तुमच्या त्या भिंगासारखंच की. तुम्ही भिंग लावून घड्याळात बघत असता तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं मला पण बघू द्या, तर देता का? नाही देत. वरून जे दिसतं ते आपलं नसतं, काका. लोकांच्या गच्च्या दिसतात, खिडक्या दिसतात, वाळत घातलेलं काय काय दिसतं. एक गृहस्थ आले होते, शेजाऱ्याच्या गच्चीचं रोज शूटिंग करून द्या म्हणे, तुम्ही मागाल ते देतो. त्यांना मी जिना दाखवला. ज्याचं दिसलं त्याचं ते असतं. आपण बघितलं, तोंडाला कुलूप. ज्याला सांगायचं त्यालाच सांगायचं, आणि ज्या वेळी सांगायचं त्या वेळी.

हवालदार साहेब? ते चहा सांगायला गेलेत. वर रस्त्यावर टपरी आहे ना. हो, मघापासून गेलेत खरे. फोन पण करायचा असेल त्यांना कुठे, इथे खाली रेंज नाही. येतील. सगळे येतील.

दाराची कडी लागली होती की नव्हती, हे आता किती वेळा स्वतःला विचारणार तुम्ही? मी ऐकतेय, जीपमध्ये पण तेच, इथे पण तेच. मी सांगते तुम्हाला. माणूस डुलकी घेतो. रात्र रात्र जागता तुम्ही काकूंसाठी, त्या उठतात, कपाट उघडतात, सगळं काढतात, परत लावतात, तुम्ही बसून असता. मग दिवसा दुकानात बसल्या बसल्या डोळा लागला तर त्यात तुमचा काय दोष? आणि कडी लावली असतीत तर काकूंनी कडी काढली असती. हात शाबूत आहेत त्यांचे. तुमच्या मुलाने पण तेच सांगितलं मला फोनवर. हो, बोलले मी त्याच्याशी. मघाशी, वर जाऊन. निघालाय तो, गाडी स्वतःच चालवतोय म्हणून मी जास्त बोलू दिलं नाही. तो म्हणाला, बाबांना सांभाळा मी येईपर्यंत. त्यांना एकटं सोडू नका आणि — आणि काही नाही, एवढंच. काळजी करतो हो तुमची. तुमच्या छातीचं दुखणं माहीत आहे त्याला. गोळी घेतली का तुम्ही दुपारची? नक्की?

ह्या खाणीवरच यावंसं का वाटलं असेल त्यांना — हो, ते तुम्ही सांगितलंत. लहानपणी इथे यायच्या ना कपडे धुवायला. खाणीच्या कामगारांच्या खोल्या होत्या तेव्हा त्या तिकडे, आणि वडील त्यांचे दगड फोडायला. आणि आता सगळं पुसलं जाऊन तेवढंच राहिलं. बघा ना, तुमचं नाव विसरल्या, मुलाला ओळखत नाहीत, आणि आई ओरडेल, कपडे राहिलेत, एवढं मात्र रोज. रोज म्हणायच्या, नाही का? म्हणतात. म्हणतात रोज. तुम्ही कितीदा समजावलंत, घरी नळ आहे, मशीन आहे. त्यांना काय पटणार. त्यांच्या लेखी त्या आठ-नऊ वर्षांच्या आणि आई वाट बघतेय. तुम्ही कोण मग? दुकानातला कुणीतरी म्हातारा, चांगला आहे बिचारा, जेवायला घालतो.

रडा. रडा, मला काही वाटत नाही. माझ्या यंत्राला आवाज रेकॉर्ड करता येत नाही.

घड्या छान घालतात का हो त्या? कपड्यांच्या. म्हणजे अजून, एवढं सगळं विसरल्यावर पण — कोपऱ्याला कोपरा लावून? हातात शाल असली तर ती अशी कुठेही न टाकता, नीट… नाही, सहज विचारलं. काही नाही. तुम्ही म्हणालात ना कपाट काढतात आणि लावतात, त्यावरून आलं मनात. माझी आजी — माझी सासू तशीच होती. रुमालाची पण चौपदरी घडी घालायची. असतात काही बायका तशा. हो का? गादीवरची चादरसुद्धा? हं.

नाही, शाल कुठली, मला काय माहीत. तुम्हीच सांगितलंत ना तपकिरी शाल म्हणून. त्या शालीचंच डोक्यात होतं, आणि काय.

काय म्हणता? नाही, आवाज नाही जात त्याच्यातून. मोठ्या यंत्रांना भोंगा असतो, पोलिसांच्या वगैरे, आपल्याला पाहिजे ते बोलता येतं वरून. माझं छोटं आहे, फोटोचं. नाहीतर बोलला असतात तुम्ही त्यातून, ऐकलं असतं त्यांनी. इथूनच? इथून हाक मारायचीय? काका — मारा. मारा की. पण असं उभं राहू नका कडेला, माझा हात धरा. घट्ट. मारा आता.

…

…

अजून एकदा? मारा.

…

आवाज परत येतो ना इथे. चारही बाजूंनी दगड आहे म्हणून. पुरे आता. घसा बसेल. पुरे ना काका, माझ्याच्याने — मला वारा लागतोय, बसू या. बसा. काय नाव घेतलंत ते? घरी त्या नावाने हाक मारता होय? आमच्याकडे सगळे त्यांना घड्याळवाल्या काकूच म्हणतात. चांगलं नाव आहे. लहान मुलीचं असावं तसं.

मी काय म्हणत होते? हां. वारा. वाऱ्याचं असं आहे की जमिनीवर जेवढा वाटतो त्याच्यापेक्षा वर जास्त असतो. म्हणून उडवायच्या आधी मी ओढणीचं टोक धरून बघते. आणि परत यायला बॅटरी ठेवायची. जाताना वारा पाठीशी असतो, मजेत जातं, आणि येताना तोंडावर. जाण्यापुरता हिशेब सगळे करतात, येण्याचा करत नाहीत. पक्षी दिसले तर बाजूला व्हायचं, आभाळ आधी त्यांचं. कुणाच्या घराजवळ उडवायचं तर आधी दार वाजवून सांगायचं, अमुक अमुक काम आहे, घाबरू नका. एवढं केलं तर लोक चहा देतात. नाही सांगितलं तर दगड मारतात, आणि बरोबर करतात. मी पण मारला असता. मी काय सांगत बसलेय तुम्हाला, तुम्हाला थोडंच शिकायचंय. पण गप्प बसलं की… तुम्ही गप्प असलात की मला बोलावंसं वाटतं. माझा स्वभावच —

निवली का ती? आता निवलीच असेल. द्या इकडे. राहू दे हवी तर. नाही, पिशवीत नका हात घालू काका, त्यात पाती आहेत, धारदार असतात. काय हवंय? मी देते ना काढून. रुमाल? रुमाल माझ्या खिशात — ती? ती दुसरी बॅटरी. हो. तीच.

गार आहे? हां, ती… ती आधी उडवली ना. म्हणून निवली लवकर. नाही — नंतर उडवली, बरोबर, मीच म्हटलं नंतर. दुसरी ती. पण वरती होती पिशवीत, वाऱ्यावर. ही तुमच्या हातात होती म्हणून गरम राहिली. बॅटरीचं असतं तसं, एखादी लवकर निवते. द्या ती. ती जरा नाजूक आहे, मागच्या खेपेला पडली होती, दाबादाबी नको. काका. तुम्ही उगाच — ते बटण नका दाबू. मी सांगते ना संपलीय. माझ्यावर विश्वास —

…

हो.

चार.

मोजायला कशाला हवेत, दिसतायत की. चारही.

नाही उडवली. घरून निघताना भरली होती, तशीच आहे. मागचा माळ मी नाही बघितला. एकाच बॅटरीत… पहिल्याच पट्ट्यात. पाण्याच्या बाजूनेच सुरुवात केली होती मी, तुम्ही कपड्यांचं सांगितलंत म्हणून.

हवालदार साहेब दोरवाल्या माणसांना फोन करायला गेलेत. चहाला नाही. तुमचा मुलगा म्हणाला, मी पोचेपर्यंत बाबांना कळू देऊ नका, मी जवळ असलो पाहिजे. मी त्याला शब्द दिला. मला वाटलं जमेल. बोलत राहिले की जमेल. तुम्हीच काय ते बघितलंत, दुसऱ्या कुणाला कळलं नसतं हो, गरम न् गार.

नाही. स्क्रीन नाही. हात जोडते तुम्हाला, ते नका मागू. तिथे काहीही असलं तरी ते तुम्ही वरून बघायचं नाही. मुलगा येऊ दे, त्यांना वर आणू दे, चेहरा पुसू दे, मग बघा. जवळून बघा. माणसासारखं.

काय? मोठ्याने बोला जरा.

शाल.

हो काका. दगडावर होती. काठाला, कोरड्या दगडावर. घडी घालून. कोपऱ्याला कोपरा. वर छोटा दगड ठेवलाय, उडू नये म्हणून.

द्या तो हात इकडे. मी नाही आता बोलत.